बिडाचा तवा की नळ्यांचा गुंता? जुन्या मसल कारला मॅनिफोल्ड ठेवायचा का हेडर टाकायचे

ओहायोतल्या एका मित्राने मागच्या महिन्यात १९७१ ची शेव्हरोले नोव्हा घेतली, ३५० क्युबिक इंचाच्या इंजिनवाली, आणि गाडी दारात येऊन आठ दिवस होत नाहीत तोवर मला फोटो आला, चकचकीत वाकड्यातिकड्या नळ्यांचा, आणि खाली लिहिलेलं, "सेल लागलाय, हेडर घेऊन टाकतो, २५ हॉर्सपॉवर वाढते म्हणतात." मी लिहिलं, थांब. मग फोनवर तासभर जे बोललो तेच इथे लिहून काढतोय, कारण दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी हे विचारतंच आणि मी स्वतः यात पैसे घालून बसलोय.

ज्यांना मसल कार प्रकरणच नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन सांगतो. १९६४ साली पॉन्टियॅकने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन घातलं आणि तिला जीटीओ म्हणायला लागले, तिथून ही लाट उसळली असं धरतात. ३८९ म्हणजे साधारण ६.४ लिटर. आपली जुनी मारुती ८०० आठवा, तिचं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं. आता हिशेब करा, जीटीओच्या आठ सिलिंडरपैकी प्रत्येकात एकेक मारुती ८०० बसलेली! पुण्याचे काका दर व्हिडिओ कॉलला विचारतात, "ॲव्हरेज किती देते रे?" माझी शेव्हेल, अशीच एक जुनी मसल कार, लिटरला पाच देते. हे ऐकून ते दर वेळी तेवढेच हळहळतात.

तर मुद्दा. इंजिनात पेट्रोल जळलं की धूर बाहेर पडतो, आणि तो सिलिंडरच्या तोंडापासून सायलेन्सरच्या पाईपपर्यंत नेणारा जो पहिला तुकडा असतो त्याचं हे भांडण आहे. कंपनीतून येतो तो मॅनिफोल्ड, ओतीव बिडाचा. हो, बिडाच्या तव्यातलं बीड, तेच. चार भोकं एका जाड पेटीत उघडतात आणि पेटीला बाहेर जायला एक तोंड. आणि हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पत्र्याची स्वतंत्र नळी, त्या चारही नळ्या पुढे जाऊन एका जाड नळकांड्यात मिळतात, त्याला कलेक्टर म्हणतात. बुलेटच्या गॅरेजात ज्याला बेंड पाईप म्हणतात ना, तसे आठ बेंड पाईप, चार डावीकडे चार उजवीकडे.

बुलेटला हा प्रश्न पडत नाही कारण तिला एकच सिलिंडर, शेजारी नाही तर भांडण कोणाशी. व्ही-८ मधे मात्र चाळीतल्या जिन्यासारखं होतं. चार खोल्या, जिना एकच, आणि सकाळी सगळे एकदम ऑफिसला निघाले की जी चेंगराचेंगरी होते ती मॅनिफोल्डमधे होते. ही नुसती उपमा नाही हां, हे आकड्यात दाखवता येतं, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो, म्हणून जरा थांबतो इथे.

शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकचा, म्हणजे त्यांच्या लहान व्ही-८ घराण्याचा (३५० यातलंच), फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, आहे १-८-४-३-६-५-७-२. डाव्या बाजूला १, ३, ५, ७ नंबरचे सिलिंडर, उजव्या बाजूला २, ४, ६, ८. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) दोनदा फिरला, म्हणजे ७२० अंश झाले, की आठही एकेकदा पेटतात, म्हणजे दर ९० अंशाला एक. आता फक्त डावी बाजू बघा: १ पेटला, मग २७० अंशांनी ३, मग १८० अंशांनी ५, आणि मग लगेच ९० अंशांनी ७, मग परत १८० नंतर १. म्हणजे ठेका सारखा नाहीये, लंगडा आहे. व्ही-८ चा तो जो गुडगुड-गुड असा आवाज येतो ना, ज्याच्यासाठी लोक वेडे होतात, तो या लंगडेपणाचाच आवाज आहे.

पण ५ आणि ७ चं बघा. दोघं एकमेकांच्या शेजारी आणि पाठोपाठ पेटतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, उघडला की क्रँकचे २०० अंशांहून जास्त उघडा राहतो, म्हणजे ५ नंबर अजून आपला उरलासुरला धूर बाहेर ढकलतोय तोपर्यंत शेजारच्या ७ चा दरवाजा धाडकन उघडतो आणि त्याचा ताजा, पूर्ण दाबाचा धूर पेटीत घुसतो. तो नुसता बाहेरच जाईल असं कोण म्हणतं? थोडा ५ च्या दारात उलटा जातो. त्या सिलिंडरमधे मग जुना धूर राहतो आणि ताज्या पेट्रोल-हवेला तेवढी जागा कमी. उजव्या बाजूला ८ आणि ४ पाठोपाठ पेटतात, पण त्यांच्यामधे ६ आहे, म्हणून तिथे एवढं वाईट होत नाही.

हेडरने दोन गोष्टी होतात. पहिली सरळ आहे, प्रत्येकाला आपापला जिना, त्यामुळे ७ चा धूर ५ च्या घरात जायला आधी अख्खी नळी पार करून कलेक्टरला वळसा घालून उलटा यायला हवा. दुसरी गोष्ट मजेची आहे. परळसारख्या स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहा, न थांबणारी फास्ट लोकल धाडधाड निघून गेली की तिच्या मागे कागद, पिशव्या ओढले जातात. तसा धुराचा झोत नळीतून वेगाने गेला की त्याच्या मागे दाब कमी होतो. शिवाय झोत कलेक्टरच्या मोकळ्या जागेत पोचला की तिथून कमी दाबाची एक लाट उलटी नळीतून वर येते. ही लाट बरोबर वेळेला व्हॉल्व्हपाशी पोचली तर सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढते आणि वर इनटेककडून, म्हणजे आत येणाऱ्या बाजूने, ताजी पेट्रोल-हवा पण खेचून घेते. याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. हेडरची जी काही जादू आहे ती ही.

आता "बरोबर वेळ" म्हणजे कोणती? इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागलाय आणि एक्झॉस्ट अजून पूर्ण बंद झालेला नाही, दोन्ही दारं एकदम किलकिली असतात तो क्षण. त्याला ओव्हरलॅप म्हणतात, आणि ओव्हरलॅप किती ते कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा, ठरवतो. साध्या, कंपनीच्या सौम्य कॅममधे ओव्हरलॅप थोडासाच. म्हणजे पुढची खिडकी जेमतेम फटीएवढी उघडी आणि मागच्या खिडकीत तुम्ही हजाराचा एक्झॉस्ट फॅन लावलाय. हवा यायची कुठून? मित्राला मी हेच विचारलं, तुझा कॅम कुठला? तो म्हणाला कॅम कंपनीचाच आहे. मग पाईप? पाईप एकच, मागे जाणारा, दोन्ही बाजूंचा धूर वायच्या आकारात एकत्र येऊन. म्हटलं मग तू चार पदरी हायवे बांधून त्याला शेवटी बोळ जोडतोयस.

हेडर हा साखळीतला एक दुवा आहे, आणि साखळीत सगळ्यात चिंचोळा दुवा कुठे आहे ते आधी शोधायचं, माझं एवढंच म्हणणं आहे. साध्या रस्त्यावरच्या ३५० ला बहुतेक वेळा तो चिंचोळा भाग मॅनिफोल्ड नसतोच, त्याच्या पुढचा पाईप आणि सायलेन्सर असतो. अडीच इंची डबल पाईप, दोन्हीला जोडणारा एच किंवा एक्स आकाराचा तुकडा, आणि बरे सायलेन्सर, एवढ्यानेच गाडी मोकळा श्वास घ्यायला लागते. त्यानंतर कॅम, हेड, इनटेक यातलं काही बदललं असेल तर हेडर पैसे वसूल करतात, मग तिथे ३०-४० हॉर्सपॉवरच्या गप्पा पण खऱ्या ठरू शकतात. नुसत्या स्टॉक इंजिनावर फार तर थोडी वाढेल, ती पण वरच्या आरपीएमला, जिथे तुम्ही वर्षातून चारदा जाता.

याला इतिहासातला एक चांगला दाखला आहे. १९६५ ची शेल्बी जीटी ३५० घ्या, म्हणजे शेल्बीने तयार केलेली फोर्ड मस्टँग (नावातल्या ३५० चा इंजिनाच्या मापाशी संबंध नाही). फोर्डचं २८९ हाय-परफॉर्मन्स इंजिन मस्टँगमधे २७१ हॉर्सपॉवरचं होतं, शेल्बीने ते ३०६ ला नेलं. हेडर तर होतेच, ट्राय-वाय पद्धतीचे, म्हणजे चार नळ्या आधी दोन-दोन जुळतात आणि मग दोनाची एक. पण त्याच्याबरोबर मोठा होली कार्बोरेटर आणि उंच ॲल्युमिनियमचा इनटेक पण होता. सगळं मिळून ३५ वाढले, आणि आपण एकट्या सेलमधल्या हेडरकडून २५ ची अपेक्षा करतोय!

बाय द वे, त्या काळच्या आकड्यांवर फार जीव लावू नका. १९७१ पर्यंत कंपन्या ग्रॉस हॉर्सपॉवर छापायच्या, म्हणजे इंजिन टेबलावर ठेवून, पंखा, एअर फिल्टर, गाडीतला सायलेन्सर वगैरे ओझं न लावता मोजलेलं. १९७२ पासून नेट, सगळं लटकवून. जनरल मोटर्सने १९७१ ला दोन्ही आकडे दिले, त्यात कॉर्व्हेटचं एलटी-१ इंजिन ग्रॉस ३३० आणि नेट २७५. इंजिन तेच, वर्ष तेच.

मग कंपन्यांनी बिडाचेच का लावले? मूर्ख होते का? अजिबात नाही. बीड स्वस्त पडतं, ओतलं की झालं, कारखान्यात दोन मिनिटांत बसतं, जाड भिंतीमुळे आवाज आत दबतो, आणि पन्नास वर्षं झाली तरी सहसा गळत नाही. हवं तिथे त्यांनी चांगले मॅनिफोल्ड पण ओतलेत. क्रायस्लरने १९६२ च्या मॅक्स वेज इंजिनाला वरच्या दिशेने उसळलेले लांबच लांब बिडाचे मॅनिफोल्ड दिले, बघितलं तर शिल्पच वाटतं. पॉन्टियॅकने ४२१ सुपर ड्यूटीच्या रेसच्या गाड्यांना वजन वाचवायला चक्क ॲल्युमिनियमचे दिले, ते पाव मैल पळायला ठीक, रस्त्यावर जास्त वेळ चालवले तर वितळायची भीती. आणि शेव्हरोलेचे प्रसिद्ध रॅम्स हॉर्न, मेंढ्याच्या शिंगासारखे, बाहेरच्या दोन फांद्या वळसा घालून मधोमध खाली उतरतात. ते अडीच इंची तोंडाचे मिळाले तर रस्त्यावरच्या गाडीला मी डोळे झाकून तेच घ्या म्हणेन. साध्या पेटीसारख्या लॉग मॅनिफोल्डपेक्षा खूप बरे आणि हेडरची एकही कटकट नाही.

कटकटींबद्दल आता ऐका, कारण सेलच्या जाहिरातीत हे नसतं.

माझी गाडी १९७० ची शेव्हेल मालिबू, ३५० इंजिन, चार बॅरलच्या कार्बोरेटरवाली, कागदावर ३००, ग्रॉस अर्थातच. आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, इथे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालू आहे, चाळीसेक हजार जुन्या गाड्यांचा हा विसर्जन मिरवणुकीसारखा प्रकार, वेग पण तेवढाच. मी नुकतेच लाँग ट्यूब हेडर बसवले होते, हौसेने. ९० फॅरनहाइटचं ऊन, दीड तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे, एका सिग्नलला गाडी बंद पडली आणि किल्ली फिरवली तर नुसतं टक्. परत टक्. शेव्हरोलेचा स्टार्टर उजव्या बाजूला खाली असतो, आणि हेडरच्या नळ्या त्याला अगदी बोटभर अंतरावरून जातात. मॅनिफोल्ड पण तापतो, पण तो वरच्या वर असतो. नळ्यांनी स्टार्टर इतका भाजून काढला होता की थंड होईपर्यंत तो हलायलाच तयार नाही. बायको आणि मुलगी फुटपाथवर खुर्च्या टाकून बसल्या, मी बोनेट उघडून चाळीस मिनिटं उभा, येणारे-जाणारे अंगठा दाखवून "छान गाडी" म्हणतायत. त्यांना वाटलं दाखवायला उघडलंय. पुढे छोटा स्टार्टर आणि उष्णतेची चादर घातली तेव्हा ते थांबलं, म्हणजे आणखी खर्च.

मग स्पार्क प्लगच्या वायरी. डाव्या बाजूला ५ आणि ७ च्या प्लगला हात घालायला नळ्यांमधून मनगट वळवावं लागतं, आणि वायरीचं रबरी टोपण नळीला जरा टेकलं की भाजून कडक होतं, मग गाडी एका सिलिंडरवर ठेचकाळायला लागते. प्लग बदलणं हे मॅनिफोल्डवर पंधरा मिनिटांचं काम, हेडरवर अर्धा रविवार गेला. फोर्डवाल्यांनी तर ऐकूच नये, मस्टँगच्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंना सस्पेन्शनचे टॉवर आत घुसलेले असतात, त्यात ३९० सारखं मोठं इंजिन असेल तर हेडर बसवताना इंजिन उचलायची तयारी ठेवा.

गळती. बिडाचा मॅनिफोल्ड जाड असतो, सपाट राहतो, कित्येक गाड्यांना कारखान्यातून पॅकिंगसुद्धा नव्हतं. हेडरची पातळ नळी तापते, ताणते, आकसते, बोल्ट सैल होतात, आणि मग थंडीत गाडी चालू केली की टिकटिक-टिकटिक, टॅपेट वाजल्यासारखं. पहिल्या दोन-तीन वेळा गाडी तापवून, गार करून परत बोल्ट आवळायचे, हे करायचंच. घेताना फ्लँज, म्हणजे हेडला टेकणारी पट्टी, ३/८ इंच जाडीची बघा आणि नळीचा पत्रा १८ ऐवजी १६ गेजचा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, यात लोक हमखास फसतात. नुसता काळा रंग दिलेले स्वस्त हेडर घेऊ नका, पहिल्या फेरीत तो रंग धूर होऊन जातो आणि मिशिगनसारख्या मिठाच्या रस्त्यांवर दोन हिवाळ्यांत गंज. सिरॅमिक कोटिंग महाग आहे पण तेच घ्या. आणि त्या पट्ट्या गुंडाळतात ना, ममीसारख्या, त्या साध्या लोखंडाच्या हेडरवर नकोच, ओल धरून ठेवतात आणि आतून नळी कुजते.

खाली लोंबणारा कलेक्टर स्पीडब्रेकरला घासतो, हे सांगायला नकोच. थंडीत चोक उशिरा सुटतो, कारण मॅनिफोल्डच्या तोंडाशी हीट रायझर नावाची एक झडप असायची, इंजिन गार असताना ती बंद राहून गरम धूर इनटेककडे वळवायची, हेडर टाकले की बहुतेक वेळा ती जाते. इलेक्ट्रिक चोक लावला की प्रश्न मिटतो. आणि मिक्स्चर लीन होतं, धूर नीट निघाल्यामुळे हवा जास्त येते पण पेट्रोल जुन्याच मापाने, तर कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकं, एक-दोन नंबर मोठे घालून प्लगचा रंग बघावा लागतो. हे न करता "हेडरने काही फरक पडला नाही" म्हणणारे बरेच भेटलेत.

तरी घ्यायचेच असतील तर माप नीट घ्या. ३५० ला, रस्त्यावर चालवायच्या गाडीला, १ ५/८ इंच व्यासाची नळी, म्हणजे दीड आणि पावणेदोनच्या बरोबर मधे. पावणेदोन इंची घ्यायची तर इंजिन तेवढं तयार हवं, आणि दोन इंची वगैरे बिग ब्लॉकसाठी, म्हणजे मोठ्या व्ही-८ घराण्यासाठी. जाड नळी म्हणजे जास्त ताकद असं वाटतं, पण बागेतल्या पाईपच्या तोंडाशी अंगठा धरला की पाणी लांब जातं तसं आहे हे, नळी फार जाड झाली की धुराचा वेग पडतो, लोकलच्या मागे कागद उडेनासे होतात, आणि सिग्नलवरून निघताना गाडी मरगळते. यालाच लोक "इंजिनाला बॅकप्रेशर लागतं" म्हणतात, म्हणजे धुराला मागे ढकलणारा दाब. बॅकप्रेशर कुठल्याच इंजिनाला लागत नाही, वेग लागतो. शॉर्टी हेडर म्हणून आखूड नळ्यांचे मिळतात, बसायला सोपे, पण फायदा पण तेवढाच आखूड. ट्राय-वाय मला मनापासून आवडतात, मधल्या आरपीएमला चांगला जोर देतात, रस्त्यावर आपण तिथेच असतो.

माझे लाँग ट्यूब तीन उन्हाळे टिकले. बुडाला फरक जाणवला नाही, कानाला जाणवला, बिडाचा खर्जातला आवाज जाऊन पत्र्याचा एक पातळ किणकिणाट आला. शेवटी काढले आणि अडीच इंची रॅम्स हॉर्न बसवले, आल्टरनेटरचं ब्रॅकेट बदलावं लागलं तेवढंच.

एक मात्र त्या मित्राला दोनदा बजावलं, काहीही लाव पण काढलेले जुने मॅनिफोल्ड भंगारात देऊ नकोस. त्याच्यावर ओतकामाचा नंबर आणि तारीख असते. शेव्हरोलेच्या तुकड्यावर अक्षर म्हणजे महिना, ए म्हणजे जानेवारी, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा, म्हणजे "बी १२ ९" असेल तर १२ फेब्रुवारी १९६९. गाडी ज्या दिवशी बनली त्याच्या थोडी आधीची तारीख जुळली तर मूळ गाडी हवी असणारा गिऱ्हाईक त्यासाठी जास्त पैसे मोजतो. माझे वर्तमानपत्रात गुंडाळून, तेल चोपडून, गॅरेजच्या फळीवर ठेवलेत, शेजारी गणपतीच्या मखराचं सामान.

मित्राने अजून हेडर घेतलेले नाहीत. आधी डबल पाईप करून घेतले, आणि आता दर दोन दिवसांनी कॅमचे फोटो पाठवतोय.